उजवे चाक

मासे धरायला निघालेल्या माणसाने आधी काय तपासावे? गळ, दोरी, आमिष, अंगावरचे गरम कपडे, असे कोणीही सांगेल. मी मात्र ‘चाक’ म्हणेन. चाकाचा आणि माशाचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. तो मला २०२३ सालच्या धनत्रयोदशीच्या रात्री, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका काळोख्या रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसलो असताना समजला. हकीगत माझ्या फजितीची आहे. पण सणासुदीला दुसऱ्याच्या फजितीची गोष्ट घरात सर्वांना गोड लागते, म्हणून सांगतो.

मी मूळचा पुण्याचा, सदाशिव पेठेतला. लहानपणी मासा पाहिला तो मंडईबाहेरून जाताना नाकाला रुमाल लावून. पुढे यांत्रिकी शाखेचा इंजिनिअर झालो, नोकरीसाठी अमेरिकेत आलो आणि डेट्रॉइटच्या उत्तरेच्या एका उपनगरात स्थिरावलो. तिथे मला मासेमारीचा नाद लावला आमच्या डॉक्टरांनी. डॉक्टर मालवणचे. पाणी दिसले की त्यांचे हात शिवशिवतात. आमच्या टोळीतले तिसरे गृहस्थ म्हणजे माझे शेजारी. अमेरिकन, वय शहात्तर, मोटारीच्या कारखान्यात सारा जन्म काढलेले आणि त्याआधी ऐन तारुण्यात सरोवरांवरच्या मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून राबलेले. कुलूप बिघडो, पंप बिघडो, ते हातात घेतील ते दुरुस्त. आमच्या घरात त्यांना मिस्त्रीबुवा म्हणतात. या नावाचा अर्थ सांगितला तेव्हा ते खूष झाले.

आम्हा तिघांत मिळून एक नाव आहे. अठरा फुटांची, ॲल्युमिनियमची. अशी नाव इकडे कोणी कायम बंदरात ठेवत नाही. दोन चाकांच्या ट्रेलरवर ती घराच्या आवारात उभी असते. जायचे त्या दिवशी ट्रेलर मोटारीच्या मागे जोडायचा आणि निघायचे. पाण्याच्या काठी सिमेंटचा उतार केलेला असतो. ट्रेलर मागे मागे नेत चाकांसकट पाण्यात उतरवायचा, की नाव अलगद तरंगते.

वाचायला सोपे वाटते. पण मेख त्या चाकांत आहे. बैलगाडीच्या चाकाचा जसा तुंबा असतो, तसा ट्रेलरच्या चाकाला हब असतो आणि हबच्या पोटात दोन बेअरिंगे. शंभर मैल धावून हब चांगला तापलेला असतो. तो एकदम थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि मागच्या रबरी सीलमधून थेंब थेंब पाणी आत ओढले जाते. पाणी शिरले की वंगण दुधासारखे पांढरे होते आणि त्याचा गुण जातो. मग बेअरिंग गंजते, घासते, तापते, शेवटी जळून अडकते. आणि अगदी शेवटी चाक निखळून, मागून येणाऱ्या मोटारीचे दैव जसे असेल तसे, रस्त्यावर उड्या मारत जाते. म्हणून वर्षातून एकदा हब उघडावा, धुवावा, बेअरिंग पाहावे, नवे वंगण भरावे. दीड-दोन तासांचे काम.

आम्ही कामे वाटून घेतली होती. इंजिन डॉक्टरांकडे, नाव आणि ट्रेलरचे दिवे मिस्त्रीबुवांकडे आणि मी यांत्रिकी इंजिनिअर म्हणून चाके माझ्याकडे. ऑगस्टच्या एका शनिवारी मी नव्या बेअरिंगांची दोन पुडकी आणली, एकेका चाकाचे एक, आणि कामाला बसलो. डावे चाक झकास झाले. इतक्यात दारात पाहुणे आले. चहा झाला, पोहे झाले, राजकारण झाले. पाहुणे गेले तेव्हा अंधार पडला होता. उजवे चाक उद्या करू म्हणून मी हत्यारे आवरली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, “चाकं झाली का हो?” मी म्हणालो, “झाली.”

का म्हणालो कोण जाणे! एक झाले होते, दुसरे होणारच होते. जीभ चटकन बोलून गेली. तो ‘उद्या’ मात्र उजाडला नाही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. दुसरे पुडके माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाशी पडून राहिले आणि मनातून ते कामही हळूहळू ‘झालेल्या’ कामांत जाऊन बसले. मनुष्याचे मन या बाबतीत फार सोयीचे आहे.

आता ईरी सरोवराविषयी थोडे सांगतो. अमेरिकेतल्या पाच महासरोवरांपैकी हे सर्वांत उथळ, तरी विस्तार एवढा की आपले पुणे आणि सातारा हे दोन्ही जिल्हे त्यात जवळजवळ मावावेत. उथळ असल्यामुळे वारा सुटला की हां हां म्हणता लाटा उभ्या राहतात. इथला मानाचा मासा म्हणजे वॉलआय. त्याच्या डोळ्यांत मांजरासारखा चकाकणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. शरद ऋतूत पाणी गार झाले की लहान माशांचे थवे काठाकडे येतात आणि त्यांच्या मागावर रात्री हे शिकारी येतात. म्हणून नोव्हेंबरच्या गारठ्यात शहाणीसुरती माणसे रात्र रात्र पाण्यावर काढतात.

तर १० नोव्हेंबरचा शुक्रवार ठरला. आमच्या सौभाग्यवतींनी कॅलेंडर पाहिले आणि कपाळाला हात लावला. “अहो, धनत्रयोदशी आहे! यमदीप लावायचा दिवस आणि तुम्ही निघालात काळोखात पाण्यावर?” मी म्हणालो, “अमावास्येच्या सुमारास मासा चांगला लागतो.” “लागू दे. पण भाऊबीज होईपर्यंत मासा या घरात येणार नाही.” मासा डॉक्टरांच्या फ्रीजमध्ये राहील, असा तह झाला. निघताना तिने फराळाचा डबा हातात ठेवला आणि कणकेचा दिवा करायला स्वयंपाकघरात गेली.

चार वाजता निघालो. गाडी डॉक्टरांची. टोलेडो शहराजवळ माउमी नदीवर २००७ साली खुला झालेला उंच पूल आहे. हे शहर काचेच्या कारखान्यांसाठी नावाजलेले, म्हणून पुलाच्या मधल्या खांबालाही काच बसवून आत रंगीत दिवे सोडले आहेत. शुक्रवारच्या गर्दीतून तो ओलांडेपर्यंत सहा वाजून गेले. या दिवसांत सूर्य सव्वापाचलाच मावळतो. पुढे पूर्वेला सरोवराच्या काठाकाठाने जाणारा साधा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेते आणि दूरवर डेव्हिस-बेसी अणुवीजकेंद्राचा अजस्र मनोरा. डॉक्टर मालवणी गाऱ्हाणे घालीत होते, मिस्त्रीबुवा चकली खात होते. मी मागे बसून किती मासे मिळतील याचा हिशेब करीत होतो.

तोच मिस्त्रीबुवांनी चकली खाली ठेवली आणि काच उतरवली. “गाडी बाजूला घे. काहीतरी जळतंय.”

खाली उतरलो. बॅटरीच्या झोतात उजव्या चाकातून धुराची बारीक रेघ वर चढताना दिसली. मिस्त्रीबुवांनी हबपासून वीतभर अंतरावर तळहात धरला आणि मागे घेतला. “बेअरिंग गेलं,” ते म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. “पण तुम्ही ऑगस्टातच केलंत ना?”

“हो ना,” मी म्हणालो. “आश्चर्य आहे.”

एका खोट्याला दुसरे खोटे असे टेकू म्हणून लागते. गाडी ओढून नेणाऱ्यांना फोन केला. दोन तासांनी येऊ आणि ट्रेलर उचलून गावात नेऊन ठेवू, म्हणाले. म्हणजे रात्र फुकट. मिस्त्रीबुवांनी तोवर जॅक लावला, चाक काढले, हबची टोपी उडवली. आतून काळी, जळकी राड बाहेर आली. तिच्यात नवे वंगण असल्याची खूण तिळाएवढीही नव्हती. माझ्यासारख्याला ते कळले, मग त्यांना कळले नसेल? पण ते काही बोलले नाहीत. फडक्याने हात पुसत एवढेच म्हणाले, “आपल्याजवळ एखादं बेअरिंग असतं तर निभावलं असतं.”

वाचकहो, त्या क्षणी माझी जी अवस्था झाली ती शत्रूचीही होऊ नये. बेअरिंग होते! माझ्याच पेटीत, तळाशी, न फोडलेल्या पुडक्यात, सीलसकट. ते काढले तर रात्र वाचत होती आणि मी उघडा पडत होतो. न काढले तर मी झाकला जात होतो आणि दोघे मित्र हात हलवीत घरी जात होते. क्षणभर, खरे सांगतो, मी गप्प राहिलो. मग पेटी उघडली आणि पुडके त्यांच्या हातात दिले.

मिस्त्रीबुवांनी बॅटरीच्या उजेडात पुडके पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. “बरं झालं, बरोबर होतं ते,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “याला म्हणतात इंजिनिअर! जास्तीचं आणून ठेवलंत! दूरदृष्टी लागते, दूरदृष्टी!” ती थाप मला चाबकासारखी लागली.

पण संकट संपले नव्हते. जळलेल्या बेअरिंगचे आतले कडे आसावर असे बसले होते की जणू दोन्ही एकत्र ओतलेले असावेत. छिन्नी लावली, हातोडा मारला, तासभर घाम गाळला, पण कडे हलेना. थंडी वाढत होती. इतक्यात एक जुना ट्रक थांबला आणि एक शेतकरी उतरला. शेजारीच त्याचे शेत होते. त्याने अवस्था पाहिली, एक शब्द न बोलता परत गेला आणि अर्ध्या तासाने गॅसचा टॉर्च घेऊन आला. कड्याला आच दिली की ते किंचित फुगते आणि आसावरची पकड सुटते. दोन वेळा तापवले, छिन्नीचा एक नेमका घाव बसला आणि कडे सुटून रस्त्यावर खणकन् पडले. आम्ही चौघे लग्नात अक्षता पडाव्यात तसे ओरडलो.

आस पॉलिश पेपरने घासला. हबमधली जुनी कडी ठोकून काढली, नवी बसवली. मग वंगण भरायचे काम मिस्त्रीबुवांनी माझ्याकडे दिले. “हे तू कर,” म्हणाले. तळहातावर वंगणाचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, वरच्या फटींतून वंगण डोकावू लागेपर्यंत. करंजीत सारण भरताना एकही कोपरा पोकळ राहू नये, तसे. गारठलेल्या बोटांनी मी ते इतके मन लावून केले की परीक्षेतला पेपरही तसा लिहिला नसेन. नट घट्ट करून किंचित सैल केला, नवी कॉटर पिन घातली, टोपी ठोकली, चाक फिरवून पाहिले. आवाज नाही. घड्याळात सव्वादहा झाले होते.

शेतकऱ्याने पैसे घेतले नाहीत. फराळाचा डबा पुढे केला तेव्हा त्याने एक चकली उचलली, टॉर्चच्या उजेडात फिरवून पाहिली आणि विचारले, “हिचं टोक कुठं सुरू होतं?” मग चार चकल्या घरच्यांसाठी बांधून घेतल्या.

अकरानंतर आम्ही ह्युरन गावी पोहोचलो. ह्युरन नावाचे सरोवर वेगळे, हे गाव मात्र ईरीकाठी आहे. नाव पाण्यात सोडली, अंगात तरंगजाकिटे चढवली, धक्क्याच्या टोकावरचा दीप मागे टाकला आणि गळाच्या दोऱ्या लांब सोडून चालत्या माणसाच्याही निम्म्या वेगाने नाव हाकू लागलो. वारा मंद होता. काठावरच्या गावाचे दिवे पाण्यात लांब लांब झाले होते. मला वाटले, घरी आता यमदीप विझत आला असेल.

मिस्त्रीबुवा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आज दहा तारीख.” या मुलखात १० नोव्हेंबर म्हटले की जुन्या खलाशांना एकच गोष्ट आठवते. १९७५ साली याच तारखेच्या रात्री ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे ७२९ फूट लांबीचे जहाज लोखंडाचे खनिज घेऊन डेट्रॉइटकडे येत असताना सुपीरिअर सरोवरात वादळात बुडाले. २९ माणसे होती. एकही वाचला नाही.

“ते बुडालं कशानं?” डॉक्टरांनी विचारले.

“त्यावर अजून भांडण आहे. तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळानं १९७७ साली सांगितलं की कोठाराची झाकणं नीट बंद झाली नव्हती, तिथून पाणी शिरलं असावं. जहाजवाल्यांच्या संघटनेला ते पटलं नाही. ते म्हणाले, उथळ खडकावर तळ घासला. पाहिलं कोणीच नाही. त्या जहाजाला २१ झाकणं होती आणि प्रत्येक झाकणाला ६८ पकडी. मी दुसऱ्या जहाजांवर त्या आवळल्या आहेत. हात बधिर होतात. खाली येऊन ‘झाल्या’ म्हणावं असं फार वाटतं. खरं काय ते ती माणसंच जाणोत. मी दोष कोणाला देत नाही. पण ती तारीख आली की मला माझ्या हातच्या पकडी आठवतात.”

यानंतर मला गप्प बसवेना. मी इंग्रजीतच बोललो, कारण सांगायचे दोघांनाही होते. “डॉक्टर, ते पुडकं जास्तीचं नव्हतं. उजव्या चाकाचंच होतं. ऑगस्टात मी डावंच चाक केलं आणि दोन्ही झाली म्हणून सांगितलं.”

नावेच्या इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने डॉक्टर मराठीत म्हणाले, “सप्टेंबरात माझा मुलगा हाच ट्रेलर घेऊन गेला होता. नातवंडं होती गाडीत.”

मला ते ठाऊक होते. मीच त्या दिवशी हात हलवून त्यांना निरोप दिला होता. मी काय बोलणार? “माझं चुकलं,” एवढेच म्हणालो. त्यावर ते काही बोलले नाहीत.

मी मिस्त्रीबुवांना विचारले, “तुम्हाला कळलं होतं ना?”

“पुडकं पाहिलं तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“ते तू सांगायचं होतंस, मी नव्हे.”

अर्धा तास कोणी बोलले नाही. मग डॉक्टरांचा गळ एकदम वाकला. माझ्याकडे न पाहता त्यांनी हात मागे केला, “जाळी धरा!” मी जाळी धरली. अंधारातून मासा वर आला तेव्हा बॅटरीच्या झोतात त्याचे डोळे दोन निखाऱ्यांसारखे पेटले. त्या रात्री आम्हाला चार मासे मिळाले. परवान्याप्रमाणे प्रत्येकी सहा नेता आले असते. म्हणजे साडेतीन तासांची किंमत मोजावी लागलीच.

परतताना दर वीस मैलांवर गाडी थांबवायची असे ठरले. नवे बेअरिंग तापते का ते हाताने पाहायचे. पहिल्या थांब्याला डॉक्टर स्वतः उतरले, हबला हात लावून आले, गाडी सुरू केली. दुसऱ्या थांब्यालाही तसेच. मी मागच्या आसनावर बसून होतो. तिसऱ्यांदा टोलेडोच्या अलीकडे गाडी थांबली, तेव्हा डॉक्टर चाकावरचे हात न काढता म्हणाले, “जा, तुम्ही बघून या.”

मी उतरलो. दोन्ही हब पाहिले. आत येऊन सांगितले, “उजवा कोमट आहे. डावाही तेवढाच.” डॉक्टरांनी मान हलवली आणि गाडी चालू केली. पुन्हा तपासायला ते उतरले नाहीत. त्या वेळी मला जे वाटले ते आजवर कोणत्याही प्रशस्तिपत्राने वाटलेले नाही.

पहाटे घरी पोहोचलो. दाराबाहेर पायरीवर यमदीप होता, दक्षिणेकडे तोंड करून. आम्हीही रात्रभर दक्षिणेलाच होतो. वात शेवटपर्यंत जळून गेली होती आणि कणकेचा एक कोपरा पहाटेच उठलेल्या एका खारीने कुरतडला होता. तो दिवा पाहून मी क्षणभर तिथेच उभा राहिलो. घरात दिवा लावणारीने आपले काम पुरते केले होते.

सौभाग्यवतींना सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि आधी डॉक्टरांच्या सुनेला फोन करा म्हणाली. तो फोन या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग होता. पण मी तो केला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी दोघांनाही बोलावून त्यांच्यासमोर दोन्ही चाके पुन्हा उघडली. तेव्हापासून आमच्या टोळीत एक नियम आहे. काम कोणीही करो, ‘झालं’ असे सांगायचे नाही. हब उघडा असतानाच दुसऱ्याला बोलवायचे आणि ‘बघा’ म्हणायचे. डॉक्टर येतात, वाकून बघतात, चहा पितात. मिस्त्रीबुवा बहुधा चकलीची चौकशी करतात.